चौकटीबाहेरचे रान

डेव्हिड अ‍ॅटनबरो आमच्या घरी पहिल्यांदा आले ते एका व्हिडिओ कॅसेटमधून. १९९१ सालचा पावसाळा होता. कचेरीतल्या एका मित्राने ‘सोमवारी न चुकता परत कर’ अशा बोलीवर ती कॅसेट दिली होती. भाड्याचा व्हीसीआर आणला होता खरा एका हिंदी सिनेमासाठी; पण सिनेमा शनिवारी रात्रीच संपला आणि भाडे रविवार संध्याकाळपर्यंतचे भरलेले. पैसे वाया कशाला घालवायचे, या अस्सल मध्यमवर्गीय विचाराने रविवारी सकाळी ती कॅसेट लावली.

पडद्यावर आफ्रिकेतला ओलाचिंब, हिरवागार डोंगर. पन्नाशी ओलांडलेला एक गोरा गृहस्थ पानोळ्यात अर्धवट आडवा झालेला आणि त्याच्या भोवती गोरिलांचे कुटुंब. तो कुजबुजत्या आवाजात बोलत होता. गोरिलाच्या नजरेला नजर मिळाली की जी ओळख पटते, तशी दुसऱ्या कुठल्याही प्राण्याशी पटत नाही, असे काहीसे सांगत होता. एवढ्यात एक पिल्लू सरळ त्याच्या अंगावरच पसरले. आई शेजारी वाल सोलत बसली होती. तिचे हात थांबले. “लोळतंय बघ मेलं, जसं काही आजोळी आलंय!” ती म्हणाली. आणि मग थोड्या वेळाने, पडद्यावरची नजर न काढता, “एवढं रान अजून शिल्लक आहे का रे?”

आईचे माहेर कोकणातले. गावची देवराई तिच्या डोळ्यांदेखत विरळ होत गेलेली. तिने विचारले ते उगाच नव्हते. मी मात्र सहज म्हणालो, “आहे की! दिसतंय ना समोर. कॅमेरा खोटं कशाला बोलेल?”

त्या उत्तराने पुढे मला बरीच वर्षे छळले. अ‍ॅटनबरोंची कारकीर्द मी जसजशी वाचत आणि पाहत गेलो, तसतसे लक्षात आले, की आईचा प्रश्न केवळ मला नव्हता. तो त्या पडद्यावरच्या गृहस्थालाही होता, आणि त्यालाही त्याचे पूर्ण उत्तर द्यायला फार वर्षे लागली.

अ‍ॅटनबरोंचा जन्म ८ मे १९२६ रोजी लंडनजवळच्या आयलवर्थचा. वडील लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य, त्यामुळे बालपण कॉलेजच्या आवारातच गेले. तीन भावांतले हे मधले. थोरले रिचर्ड आपल्या सर्वांच्या परिचयाचे. १९८२ साली ‘गांधी’ हा चित्रपट काढणारे ते हेच. धाकट्या डेव्हिडला नाद होता दगडांतले जीवाश्म, अंडी, किडे जमवण्याचा. अकरा-बारा वर्षांचा असताना त्याच्या कानावर आले, की कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाला न्यूट हवे आहेत. न्यूट म्हणजे दिसायला पालीसारखा, पण गोत्राने बेडकाचा असा पाण्यातला प्राणी. पठ्ठ्याने नगाला तीन पेन्स या दराने ते पुरवले. माल कुठून येतो, हे मात्र सांगितले नाही. तळे त्या विभागाच्या इमारतीला अगदी खेटून होते!

१९३६ साली दोघे भाऊ लेस्टरमध्ये एका व्याख्यानाला गेले. वक्ता होता ‘ग्रे आउल’. अंगावर कातडी पोशाख, केसांच्या वेण्या, उत्तर अमेरिकेतला आदिवासी म्हणून प्रसिद्ध. बीव्हर नावाच्या प्राण्याची कातड्यासाठी होणारी कत्तल थांबवा, नाहीतर जंगलाचा तोलच जाईल, असे तो सांगत होता. पुढे तो वारल्यावर उघड झाले, की हा आदिवासी वगैरे नव्हताच. इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज गावचा आर्ची बेलानी होता. सोंग खोटे, पण सांगणे खरे! त्या संध्याकाळचा परिणाम दोघांवरही राहिला. रिचर्डनी १९९९ साली त्याच्यावर चित्रपट काढला. डेव्हिडना त्याचा संदेश खऱ्या अर्थाने कळायला मात्र अर्धे आयुष्य जावे लागले.

केंब्रिजमध्ये निसर्गविज्ञानाची पदवी घेतल्यावर सक्तीच्या लष्करी सेवेसाठी ते नौदलात गेले. जग बघायला मिळेल ही आशा. नेमणूक झाली वेल्स आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर. मग एका प्रकाशकाकडे मुलांची विज्ञानाची पुस्तके तपासण्याचे काम. त्याला कंटाळून बीबीसीच्या रेडिओकडे अर्ज केला, तो नामंजूर झाला. पण तोच अर्ज टेलिव्हिजनच्या मेरी अ‍ॅडम्स या बाईंच्या नजरेस पडला आणि त्यांनी या तरुणाला बोलावून घेतले. तोवर या उमेदवाराने टेलिव्हिजनचा एकच कार्यक्रम पाहिलेला, घरी संच नव्हता. १९५२ साली ते रीतसर नोकरीला लागले, पण पडद्यामागे. दात फार मोठे आहेत, कॅमेऱ्यासमोर शोभणार नाहीत, असे बाईंचे मत पडले होते.

दैवाची गंमत बघा. १९५४ साली ‘झू क्वेस्ट’ ही मालिका ठरली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे सर्पगृहप्रमुख जॅक लेस्टर सिएरा लिओनला जाऊन प्राणी पकडणार आणि मग स्टुडिओत ते दाखवणार. पहिला भाग झाला आणि लेस्टर आजारी पडले. आयत्या वेळी दुसरे कोणी मिळेना, म्हणून निर्माता असलेल्या अ‍ॅटनबरोंनाच समोर उभे केले. ते जे उभे राहिले, ते पुढे सत्तर वर्षे!

या मालिकेतला एक तपशील मला फार बोलका वाटतो. कॅमेरामन चार्ल्स लॅगस यांच्याकडे चावी देऊन चालणारा सोळा मिलिमीटरचा कॅमेरा असे. चावी एका दमात मिनिटभरही पुरत नसे. त्यांनी फिल्म वापरली ती रंगीत. कारण त्या काळच्या कृष्णधवल फिल्मपेक्षा तिच्यात बारकावे स्पष्ट येत. पण प्रसारण कृष्णधवल असल्याने प्रेक्षकांना सारे करड्या छटांतच दिसले. रंगीत रिळे डब्यांत पडून राहिली. अ‍ॅटनबरो नव्वद वर्षांचे झाले तेव्हा, २०१६ साली, ती शोधून दाखवण्यात आली. कोमोडोच्या बेटावरचा महाकाय सरडा, इंडोनेशियातली गावे, माणसांचे कपडे, सारे साठ वर्षांनी रंगांत उजळले. म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेले आणि प्रेक्षकाला दिसलेले यांत पहिल्यापासूनच अंतर होते.

आणखी एक अंतर होते. ‘झू क्वेस्ट’ ही मुळात प्राणी पकडून आणण्याची मोहीम होती. त्या काळी त्यात कोणाला वावगे वाटत नसे. प्राणिसंग्रहालये अशीच भरत. कोमोडोचा सरडा त्यांनी पिंजऱ्यात पकडलाही, पण इंडोनेशियाच्या अधिकाऱ्यांनी तो देशाबाहेर नेण्याची परवानगी नाकारली. तेव्हा तो हिरमोड वाटला असेल. आज आपण त्या अधिकाऱ्यांना मनातल्या मनात नमस्कार करतो.

१९६५ साली त्यांना ‘बीबीसी टू’ या नव्या वाहिनीचे प्रमुख केले गेले. १ जुलै १९६७ रोजी विम्बल्डनच्या सामन्यांपासून ब्रिटनमध्ये रंगीत प्रसारण सुरू झाले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. पाश्चात्त्य कलेचा इतिहास सांगणारी तेरा भागांची ‘सिव्हिलायझेशन’ ही मालिका त्यांनी करवून घेतली. एका जाणकाराने जगभर हिंडत एक मोठा विषय सलग उलगडायचा, हा साचा त्यातून पक्का झाला. पुढे दोन्ही वाहिन्यांच्या कार्यक्रमांची सूत्रे हाती आली, आणि सर्वोच्च महासंचालकपदासाठीही नाव घेतले जाऊ लागले. त्यांनी रिचर्डना फोन करून सांगितले, की आपल्याला या पदाची भूक नाही. १९७३च्या सुरुवातीला ते खुर्चीवरून उठले आणि पुन्हा रानात गेले. आपल्याकडे माणूस अशा खुर्चीवरून उठतो तो निवृत्तीच्या दिवशी. तोही मुदतवाढीचा अर्ज फेटाळला गेल्यावर!

खुर्ची सोडल्यामुळे जे घडले ते म्हणजे ‘लाइफ ऑन अर्थ’. पृथ्वीवर जीव कसा उपजला आणि माणसापर्यंत कसा आला, ही कथा तेरा भागांत सांगणारी मालिका. तीन वर्षे काम चालले. पाण्यातल्या एका पेशीपासून सुरुवात करून शेवटी माणूस. १९७९ साली ती प्रसारित झाली आणि जगभरात पन्नास कोटी लोकांनी ती पाहिल्याचा अंदाज केला जातो. आमच्या घरी आलेली कॅसेट याच मालिकेची.

त्या गोरिलांच्या प्रसंगामागे काय होते, ते मला खूप नंतर वाचायला मिळाले. जानेवारी १९७८. रुआंडातल्या विरुंगा डोंगरांत डायन फॉसी ही अमेरिकन संशोधक वर्षानुवर्षे गोरिलांमध्ये राहत होती. तिच्यामुळेच गोरिलांना माणसाचा सराव झाला होता. अ‍ॅटनबरोंना तिथे बोलायचे होते ते अंगठ्यावर. बोटांसमोर येणारा अंगठा असल्याने वस्तू पकडता कशी येते, एवढाच विषय. प्रत्यक्षात एका मादीने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, तोंडात बोट घालून पाहिले. पिल्ले बुटांशी खेळू लागली. रीळ जपून वापरायचे असल्याने यातले थोडेच टिपले गेले, पण तेवढेही अजरामर झाले.

हे चौकटीतले. चौकटीबाहेर मात्र सुतक होते. अवघ्या काही दिवसांपूर्वी, ३१ डिसेंबर १९७७ रोजी, डायनचा सर्वांत लाडका गोरिला ‘डिजिट’ याला शिकाऱ्यांनी भाल्यांनी मारले होते. त्याचे डोके आणि हात कापून नेले होते. ती स्वतः आजारी होती, खचलेली होती. गोरिलांसाठी काहीतरी करा, अशी विनवणी तिने अ‍ॅटनबरोंना केली. मालिकेच्या त्या प्रसंगात यातले काही नाही. तिथे आहे फक्त हिरवे रान, आणि आजोळी आल्यासारखे लोळणारे पिल्लू.

पण इंग्लंडला परतल्यावर अ‍ॅटनबरो गप्प बसले नाहीत. वन्यजीव रक्षणाचे काम करणाऱ्या तिथल्या संस्थेकडे ते गेले आणि त्यातून पहाडी गोरिलांसाठी एक प्रकल्प उभा राहिला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला विरुंगात जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते. त्यानंतर वनरक्षकांचे पहारे, माग काढणारे स्थानिक लोक, प्राण्यांवर रानातच उपचार करणारे डॉक्टर, आणि मोजक्या पर्यटकांकडून घेतलेल्या जबर शुल्कातला वाटा गावांना, अशा उपायांनी संख्या सावरली. मध्ये १९८५ साली डायनचा खून झाला, १९९४ साली रुआंडात भीषण नरसंहार झाला. तरी काम टिकले. २०१८ पर्यंत पहाडी गोरिलांची एकूण संख्या हजारावर गेली, आणि त्यांना ‘अतिसंकटग्रस्त’ या यादीतून एक पायरी खाली आणण्यात आले. हे एकट्या अ‍ॅटनबरोंचे श्रेय नव्हे. पण कॅमेऱ्याने जे दाखवले नाही, त्यासाठी कॅमेरा बाजूला ठेवून काहीतरी करता येते, हे यातून दिसते.

मग प्रश्न उरतो तो हाच, की दाखवले का नाही? ‘द लिव्हिंग प्लॅनेट’ (१९८४), ‘द ट्रायल्स ऑफ लाइफ’ (१९९०), ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ प्लॅन्ट्स’ (१९९५) अशा एकाहून एक सरस मालिका येत गेल्या. शेवटच्या भागात एखादा इशारा असे; पण एरवी पडद्यावर रान अभंग, समुद्र निर्मळ. करवतीचा आवाज ऐकू आला तो ‘द लाइफ ऑफ बर्ड्स’मध्ये (१९९८), तोही एका लायरबर्ड पक्ष्याच्या गळ्यातून, नक्कल म्हणून. आपण हसलो. त्याने तो आवाज कुठून उचलला असेल, हे मनात यायला जरा वेळ लागला.

ब्रिटनमधले पर्यावरण-लेखक जॉर्ज मॉनबियो यांनी २०१८ साली अ‍ॅटनबरोंवर कडक टीका केली. सारे काही ठीक आहे असा भ्रम या चित्रपटांनी पसरवला, असा तिचा मथितार्थ. अ‍ॅटनबरोंची बाजूही समजून घ्यायला हवी. ते सरकारी पैशावर नव्हे, पण लोकांच्या परवाना-शुल्कावर चालणाऱ्या संस्थेसाठी काम करत. एका बाजूचा प्रचारक होणे त्यांना नको होते. शिवाय माणसाने जे पाहिलेच नाही त्यावर तो माया करणार नाही, आणि माया नसेल तर राखणार नाही, ही त्यांची श्रद्धा. सतत भीती घातली तर लोक संच बंद करतील, हेही खरेच. हवामानबदलाबद्दल तर ते स्वतः बराच काळ साशंक होते. २००४ साली बेल्जियममध्ये राल्फ सिसरोन या शास्त्रज्ञाचे व्याख्यान ऐकून आपली खात्री पटली, असे त्यांनीच सांगितले आहे. २००६ साली त्यांनी त्यावर कार्यक्रम केला. तेव्हा वय होते ऐंशी! या वयात जाहीरपणे मत बदलणारी माणसे आपण किती पाहिली?

दोन्ही बाजू ऐकून माझे मत असे झाले, की उशीर झाला, हे खरे. पण त्या हिरव्या रानाने आमच्या आईला प्रश्न पडला, हेही तितकेच खरे. नुसती आकडेवारी ऐकून तिचे वाल सोलणारे हात थांबले नसते.

या धबडग्यात घर कोण सांभाळत होते? १९५० साली लग्न झालेल्या जेन. नवरा वर्षातले कित्येक महिने कुठल्यातरी खंडात. मुलगा आणि मुलगी वाढवली ती त्यांनी. १९९७ साली अ‍ॅटनबरो न्यूझीलंडमध्ये पक्ष्यांवरच्या त्याच मालिकेचे चित्रण करत असताना निरोप आला, की जेनच्या मेंदूत रक्तस्राव झाला आहे. ते धावतपळत परतले. त्या बेशुद्ध होत्या; पण हात हातात घेतल्यावर त्यांनी तो किंचित दाबला, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. त्यानंतर ते पुन्हा कामाला लागले. बाकी उरले होते तेच.

उत्तरायुष्यात मात्र चौकट रुंदावत गेली. २०११ साली ‘फ्रोझन प्लॅनेट’मधली ध्रुवीय अस्वलाच्या बछड्यांची दृश्ये प्रत्यक्षात नेदरलँड्सच्या प्राणिसंग्रहालयात घेतली होती, यावरून गदारोळ झाला. रानात अस्वलाच्या बिळात कॅमेरा नेला तर पिल्लांच्या जिवावर बेतेल, हे खरे. पण कार्यक्रमातच ते स्पष्ट का सांगितले नाही, हा प्रश्नही रास्त. २०१६ साली ‘प्लॅनेट अर्थ टू’मध्ये तर आपली मुंबई आली. रात्रीच्या अंधारात उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने वस्तीच्या कडेला डुकरांची शिकार करणारे बिबटे दाखवले आणि त्याला आवाज अ‍ॅटनबरोंचा. बोरिवलीकरांना बिबट्याचे अप्रूप नाही. पण रान आणि वस्ती एकाच चौकटीत, हे त्या मालिकांना नवे होते. पुढच्याच वर्षी ‘ब्लू प्लॅनेट टू’ने अल्बट्रॉसच्या पिल्लांना आईबाप भरवत असलेले प्लॅस्टिक दाखवले आणि ब्रिटनमध्ये घराघरांत त्यावर बोलणे सुरू झाले.

२०२० साली ‘अ लाइफ ऑन अवर प्लॅनेट’ आला. याला त्यांनी आपली साक्ष म्हटले. त्यांचा जन्म झाला तेव्हा जगात दोनशे कोटींच्या आसपास माणसे होती. २०२२ साली ती आठशे कोटी झाली. एका माणसाच्या हयातीत चौपट! रान किती घटले, हे ते स्वतःच्या वयाच्या मापाने सांगतात. २०२५ साली, नव्याण्णवाव्या वाढदिवशी, ‘ओशन’ प्रदर्शित झाला. त्यात समुद्राचा तळ खरवडत जाणारे ट्रॉलरचे जाळे अगदी जवळून दिसते, आणि मागे उरतो तो गढूळ चिखल. ही तक्रार कोकणातले रापणीचे मच्छीमार कितीतरी वर्षे करत आले आहेत. त्यांच्या हाती कॅमेरा नव्हता, इतकेच.

त्यांना २०१९ सालचा इंदिरा गांधी शांतता पुरस्कार देण्यात आला. थोरल्या भावाने गांधी पडद्यावर आणले, धाकट्याला इंदिराजींच्या नावाचा सन्मान मिळाला.

आई जाऊन आता बरीच वर्षे झाली. मागच्या दिवाळीत नातीला मोबाइलवर तोच गोरिलांचा प्रसंग दाखवला. तीही हसली. मग विचारले, “आजोबा, ते पिल्लू पुढे मोठं झालं का?”

या वेळी मला उत्तर माहीत होते. त्याचे नाव पाब्लो. ते मोठे झाले, स्वतःच्या कळपाचे प्रमुख झाले, आणि तो कळप पुढे पासष्ट गोरिलांपर्यंत वाढला. मग तिला डिजिटचीही गोष्ट सांगितली, झेपेल तेवढी. ती जरा गप्प झाली. आईच्या गावची देवराई कशी होती, तेही सांगायला लागलो. पण तिचा एकही फोटो आमच्या घरात नाही. कोणी काढलाच नाही. मे महिन्यात तिला तिकडे घेऊन जायचे ठरवले आहे. जी काही झाडे उरली असतील, ती मोजून येऊ.